आधी आम्हाला आमच्या भाषेत विचारा

परभणी,
१७ सप्टेंबर, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन

प्रति,
मा. अध्यक्ष,
भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण (ट्राय),
नवी दिल्ली

विषय : दूरसंचार व प्रसारणविषयक सल्लापत्रे मराठीत प्रसिद्ध करून मराठवाड्यात जनसुनावणी घेण्याबाबत

महोदय,

हे पत्र मराठीत आहे. केंद्राच्या किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्यापुढे आपले गाऱ्हाणे देशात चालणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडण्याचा हक्क राज्यघटनेच्या ३५०व्या अनुच्छेदाने प्रत्येकाला दिला आहे. त्या हक्काच्या बळावर मी परभणीहून दिल्लीला मराठीत लिहीत आहे.

ग्राहक चळवळीचे काम करताना एक गोष्ट मला वर्षानुवर्षे डाचते आहे. गाऱ्हाणे आम्ही मराठीत मांडू शकतो. पण ज्या नियमातून ते गाऱ्हाणे जन्माला येते, तो नियम घडत असताना मराठीत आम्हाला कोणी काही विचारत नाही.

मोबाइलचे रिचार्ज, नेटवर्कचा दर्जा, इंटरनेट, केबलचे बिल या साऱ्यांचे नियम आपल्या कार्यालयात ठरतात. नियम करण्याआधी आपण सल्लापत्र, म्हणजे कन्सल्टेशन पेपर, काढता. साधारण चार आठवडे हरकती-सूचना घेता, त्यांवर प्रतिवादासाठी आणखी दोन आठवडे देता, मग खुली चर्चा ठेवता. ही पद्धत चांगली आहे. कारभारात पारदर्शकता राखावी, असे आपल्या १९९७च्या कायद्याच्या अकराव्या कलमातच म्हटले आहे आणि आपण ती राखण्याचा प्रयत्न करता, हे मी मनापासून मान्य करते. पण ही सल्लापत्रे इंग्रजीत निघतात, फार तर हिंदीत. चर्चाही मुख्यतः इंग्रजीत चालते. शिवाय ग्राहकाची एकट्याची तक्रार ट्राय ऐकत नाही. ती कंपनीच्या तक्रार केंद्राकडे आणि पुढे कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे जाते. म्हणजे सामान्य माणसाला आपल्यापर्यंत पोचायला सल्लामसलतीचे एकच दार उरते, आणि त्या दारावरची पाटी आमच्या लोकांना वाचता येत नाही.

यात काय हरवते, ते दोन प्रसंगांतून सांगते.

जिंतूर तालुक्यात येलदरी धरणाच्या वरच्या अंगाला माझ्या आत्याचे गाव आहे. तिच्याकडे बटणांचा साधा फोन आहे. तो दाराच्या चौकटीवर, खिळ्याला अडकवलेल्या कापडी पिशवीत असतो. घरात रेंज येते ती तेवढ्याच जागी. घंटी वाजली की आत्या चुलीपुढून उठते, फोन पिशवीतच ठेवून स्पीकरचे बटण दाबते आणि चौकटीला टेकून, मान वर करून बोलते. मुलगा चाकणला कंपनीत आहे. त्याचा फोन रात्री जेवणाच्या वेळी येतो.

जुलै २०२४च्या सुरुवातीला खाजगी कंपन्यांनी दर वाढवले. त्यानंतर आत्या रिचार्जला गेली तेव्हा मी सोबत होते. दुकानदार पोरगा म्हणाला, “आत्या, नुसता बोलायचा पॅक येतच नाही. नेटवालाच घ्यावा लागतो.”

“अरे, माझ्या फोनात नेट चालतच नाही.”

“तरी घ्यावा लागतो. नाहीतर इनकमिंगबी बंद पडंल.”

आत्याने कनवटीचे पैसे दोनदा मोजले आणि दिले. जे ती कधीही वापरणार नव्हती, त्याचे पैसे दिले.

आपण २३ डिसेंबर २०२४ रोजी नियम बदललात. नुसते बोलणे आणि एसएमएस यांसाठी वेगळे व्हाउचर कंपन्यांनी ठेवलेच पाहिजे आणि अशा खास व्हाउचरची मुदत ३६५ दिवसांपर्यंत असू शकते, असे ठरवलेत. जानेवारी २०२५मध्ये तसे पॅक आलेही. त्याबद्दल आत्याच्या वतीने आपले आभार. पण या नियमाचे सल्लापत्र जुलै २०२४मध्येच निघाले होते. आपण इंग्रजीत विचारत होता की ग्राहकाला वेगळा पॅक हवा आहे का, आणि त्याच महिन्यात इकडे जिंतूर तालुक्यातली एक बाई त्या प्रश्नाचे उत्तर दुकानाच्या काउंटरवर देत होती. तिचे उत्तर आपल्या नोंदीत आलेच नाही.

दुसरा प्रसंग गंगाखेड तालुक्यातल्या बालाघाटाच्या डोंगरात वसलेल्या एका गावचा. ऑगस्ट २०२४मध्ये आपण सेवेच्या दर्जाचे नवे नियम केले. एखाद्या जिल्ह्यात सेवा २४ तासांहून अधिक बंद राहिली, तर त्या जिल्ह्यात नोंद असलेल्या पोस्टपेड ग्राहकांना भाड्यात सूट आणि प्रीपेडवाल्यांना मुदत वाढवून द्यायची, अशी त्यात तरतूद आहे. ग्राहकाच्या बाजूचा नियम म्हणून मी तो उत्साहाने मराठीत उतरवला आणि एका संध्याकाळी गावच्या समाजमंदिरात वाचून दाखवला. पंधरा-वीस माणसे होती. वाचून संपल्यावर बराच वेळ कोणी बोलले नाही. मग मागे बसलेल्या एका तरुणाने विचारले, “ताई, आमच्या वाडीवरचा टॉवर मागं तीन दिवस बंद होता. पण जिल्हा तर चालू होता. मग आमचे तीन दिवस कुठं मोजायचे?”

मी उत्तर शोधत होते, तोवर ऊसतोडीला जाणारी एक बाई बोलली. “आमचं कार्ड हितलं. दिवाळी झाली की आम्ही कारखान्यावर जातो, सहा महिने तिकडंच. तिकडं बंद पडलं तर भरपाई तिकडच्या लोकांना. हितं बंद पडलं तर आम्हाला, पण आम्ही हितं कुठं आहोत?”

महोदय, या दोन प्रश्नांत कायद्याची भाषा नाही, पण कायद्यातली फट नेमकी दाखवली आहे. नियमाचे माप जिल्हा आहे. डोंगरातल्या चार वाड्या तीन दिवस मुक्या झाल्या, तर त्या मापात ते काहीच धरले जात नाही. आणि नियम गृहीत धरतो की माणूस कार्डाची नोंद असते तिथेच राहतो. मराठवाड्यातून दरवर्षी हजारो जोडपी कोयता घेऊन सातारा, सांगली, कोल्हापूर आणि कर्नाटकापर्यंत जातात. त्यांच्या फोनचे जगणे या नियमात बसत नाही. ही गोष्ट दिल्लीतल्या हुशार अधिकाऱ्याला सुचली नाही, यात त्याचा दोष नाही. त्याने ऊसतोडीची टोळी पाहिलेली नाही. पण ज्यांनी उभा जन्म तिच्यात काढला, त्यांना नियम होण्याआधी विचारले असते तर ही फट त्याच दिवशी कळली असती.

सल्लामसलतीचा खरा उपयोग हाच आहे, असे मी मानते. कंपन्यांकडे नियामक विभाग असतात, वकील असतात, पानेच्या पाने उत्तरे तयार करणारी माणसे असतात. त्यांची बाजू आपल्यापर्यंत नीट पोचते आणि पोचलीही पाहिजे. समोरच्या पारड्यात लोकांच्या अनुभवाचे वजन पडले नाही, तर न्यायबुद्धीने धरलेला तराजूही एकाच बाजूला झुकणार.

लोक उत्तर देत नाहीत, असे कोणी म्हणेल. मार्च २०१५मध्ये आपण इंटरनेटवरच्या सेवांच्या नियमनाबद्दल ११८ पानांचे सल्लापत्र काढले होते. त्यात २० प्रश्न होते. काही स्वयंसेवकांनी ते प्रश्न सोपे करून मांडले, उत्तरे कशी द्यायची ते समजावले आणि महिनाभरात दहा लाखांहून अधिक ईमेल आपल्याकडे आले. पुढे ८ फेब्रुवारी २०१६ रोजी, कोणते संकेतस्थळ पाहिले यावरून डेटाचा दर कमी-जास्त करण्यास आपण मनाई केली. भारतातल्या इंटरनेटची समानता त्या निर्णयाने राखली. पण ती मोहीम मुख्यतः इंग्रजी वाचणाऱ्या शहरी तरुणांची होती. तेवढीच समजूत मराठीतून गंगाखेड, पालम, सोनपेठपर्यंत पोचली तर काय होईल, हे अजून कोणी करून पाहिलेले नाही.

आणखी एक विषय आमच्या फार जवळचा आहे. जुलै २०२३मध्ये आपण एक सल्लापत्र काढले. अशांततेच्या काळात सगळे इंटरनेट बंद करण्याऐवजी निवडक ॲपच बंद करावीत का, हा त्यातला एक प्रश्न होता. पुढे तीन-चार महिन्यांतच मराठा आरक्षणाच्या आंदोलनात बीड आणि जालना जिल्ह्यांत इंटरनेट बंद झाले. फेब्रुवारी २०२४मध्ये पुन्हा झाले. हे दोन्ही जिल्हे आमचे शेजारी. पाथरीहून गोदावरी ओलांडली की माजलगाव, आणि सेलू-जिंतूरची शीव परतूर-मंठ्याला लागलेली. सोयरीक, बाजार, दवाखाना सगळे या सीमेच्या आरपार चालते. नेट बंद असताना मजुरीचे पैसे फोनवरून कसे येतात, ओटीपीवाचून अर्ज कसा भरतात, अफवा थांबतात की तोंडोतोंडी जास्तच पसरतात, या साऱ्याचा अनुभव घेतलेली माणसे या पट्ट्यात गावोगावी आहेत. बंदी असावी की नसावी, यावर त्यांची मतेही एकसारखी नाहीत. म्हणूनच ती ऐकण्याजोगी आहेत. सर्वोच्च न्यायालयाने अनुराधा भसीन प्रकरणात १० जानेवारी २०२० रोजी सांगितले की इंटरनेट बंदीचे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत आणि बंदी बेमुदत असू शकत नाही. ज्या प्रश्नाला न्यायालयाने इतके महत्त्व दिले, त्यावर मत देण्याची संधी तो प्रश्न प्रत्यक्ष भोगणाऱ्यांना त्यांच्या भाषेत मिळाली नाही.

मी मागते आहे ते नवे नाही. त्याचा दाखला आमच्याच राज्यात आहे. महाराष्ट्र वीज नियामक आयोग दरवाढीच्या प्रस्तावाची सूचना मराठी वर्तमानपत्रांत देतो, प्रस्तावाचा सारांश मराठीत मिळतो आणि विभागाच्या ठिकाणी जनसुनावणी होते. तिथे शेतकरी, छोटे कारखानदार आणि घरगुती ग्राहक उभे राहून मराठीत बोलतात. २००३च्या वीज कायद्याच्या ९४व्या कलमाने आयोगाला ग्राहकांचे प्रतिनिधी नेमण्याची मुभा दिली. तिचा उपयोग करून पुण्याच्या प्रयास आणि मुंबई ग्राहक पंचायत यांच्यासारख्या संस्थांना आयोगाने ग्राहकांच्या बाजूने बोलण्यास अधिकृत केले. दरवेळी ग्राहक जिंकतो असे नाही. पण त्याचे म्हणणे निकालपत्रात नोंदले जाते आणि त्यावर आयोगाला उत्तर द्यावे लागते. विजेच्या युनिटचा हिशेब मराठीत मांडता येतो, तर मोबाइलच्या पॅकचा का येऊ नये?

दुसरा दाखला दिल्लीतलाच आहे. २०२०मध्ये पर्यावरणीय परिणामांच्या मूल्यांकनाची मसुदा अधिसूचना इंग्रजी आणि हिंदीतच निघाली होती. दिल्ली उच्च न्यायालयाने ३० जून २०२० रोजी ती आठव्या अनुसूचीतल्या सर्व भाषांत प्रसिद्ध करण्यास सांगितले. केंद्र सरकारने त्या आदेशाला विरोध केला, हे मला माहीत आहे. तरी ज्याच्या जगण्यावर नियमाचा परिणाम होणार, त्याला तो मसुदा कळला पाहिजे, हे तत्त्व त्यातून देशापुढे आले. तिसरा दाखला संसदेचा. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार, संमती मागताना कंपनीने ग्राहकाला ती सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी त्याला हव्या त्या भाषेत वाचण्याची सोय द्यायची आहे. कंपनीने ग्राहकाशी मराठीत बोलावे हे कायद्याला पटले. नियामकानेही नागरिकाशी मराठीत बोलावे, एवढेच आता उरले आहे.

हे तुमच्याही हिताचे आहे. ऑक्टोबर २०१५मध्ये आपण नियम केला होता की बोलता बोलता कॉल तुटला तर कंपनीने ग्राहकाला एक रुपया द्यावा, दिवसाला जास्तीत जास्त तीन. आमच्या लोकांना तो नियम कमालीचा आवडला होता. पण ११ मे २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. तो अवाजवी आहे आणि करताना पुरेशी पारदर्शकता राखली नाही, असे न्यायालयाचे म्हणणे होते. नियम करण्याआधी लोकांचे म्हणणे घेऊन त्याला कारणांसह उत्तर देण्याची पद्धत कायद्याने पक्की करावी, असेही न्यायालयाने सुचवले. मला त्यातून एवढे कळले की ग्राहकाच्या बाजूचा नियम कोर्टात टिकायचा असेल, तर त्याच्या मागे ग्राहकांच्या साक्षीचा भक्कम पाया लागतो. ती साक्ष गावोगाव पडून आहे. ती उचलायला भाषा लागते.

आज सकाळी परभणीच्या राजगोपालाचारी उद्यानात मुक्तिसंग्रामाच्या स्मृतिस्तंभापाशी झेंडावंदन झाले. १९४८पर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानात होता. राज्यकारभार उर्दूत चालत होता आणि इथल्या बहुसंख्य कुणब्यांना तो वाचता येत नव्हता. सभा घ्यायची तर गश्ती निशान ५३ या परिपत्रकाप्रमाणे आधी परवानगी काढावी लागे. आ. कृ. वाघमारे यांनी पुण्याहून ‘मराठवाडा’ साप्ताहिक काढले, त्यावर निजाम सरकारने बंदी घातली, तेव्हा ते नावे बदलून बदलून निघत राहिले. संस्थानातल्या मराठी भाषकांच्या महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन १९३७मध्ये परतूरला भरले, ते परतूर तेव्हा परभणी जिल्ह्यात होते. आपल्यावर राज्य करणाऱ्याचे बोलणे आपल्याला कळावे आणि आपले बोलणे त्याला ऐकावे लागावे, हीसुद्धा त्या लढ्याची एक मागणी होती. आजच्या लोकशाहीची त्या राजवटीशी मी तुलना करत नाही, ती अन्यायाची होईल. पण ज्या पिढीने न कळणारी फर्माने सोसली, तिच्या नातवंडांना न कळणारी सल्लापत्रे सोसावी लागू नयेत, असे म्हणण्याचा अधिकार या मातीने मला दिला आहे.

आमच्या मागण्या पाच आहेत.

पहिली, ग्राहकाशी थेट संबंध असलेल्या प्रत्येक सल्लापत्राचा सारांश आणि त्यातले सगळे प्रश्न मराठीसह आठव्या अनुसूचीतल्या भाषांत, मूळ पत्राच्याच दिवशी प्रसिद्ध व्हावेत. हरकतींची मुदत भाषांतर निघाल्या दिवसापासून मोजावी. यंत्राने भाषांतर करण्यासाठी केंद्र सरकारनेच ‘भाषिणी’ ही सोय उभी केली आहे. तिचा कच्चा मजकूर जाणत्या माणसाकडून तपासून घेतला तर खर्च फार येणार नाही.

दुसरी, मराठीत आलेली उत्तरे स्वीकारली जातील, हे सल्लापत्रातच स्पष्ट लिहावे. ज्यांना ईमेल जमत नाही त्यांच्यासाठी टपालाने आलेले पत्र किंवा फोनवर सांगितलेले म्हणणेही ग्राह्य धरावे.

तिसरी, वर्षातून एकदा तरी मराठवाड्यात, शक्यतो परभणीसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी, आपण समोरासमोर सुनावणी घ्यावी. ती शेतीच्या कामांचा हंगाम पाहून ठेवावी आणि ऊसतोड कामगार गावात असतात तेव्हा ठेवावी.

चौथी, वीज आयोगाप्रमाणे आपल्याकडेही ग्राहकांचे अधिकृत प्रतिनिधी असावेत. आपल्याकडे नोंदलेल्या ग्राहक संघटना आहेत. त्यांना अभ्यासासाठी साधने मिळावीत आणि ग्रामीण जिल्ह्यांतल्या संघटनांना त्यांत जागा मिळावी.

पाचवी, कोणत्या सूचना घेतल्या, कोणत्या घेतल्या नाहीत आणि का, याचे उत्तर मराठीत मिळावे. समाजमंदिरातल्या त्या बाईला मी तिच्या प्रश्नाचे उत्तर आणून देईन, असे सांगून आले आहे.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. आम्हाला आनंद झाला. पण भाषेचा खरा मान तिच्यातून रोजचा व्यवहार होण्यात असतो. मोबाइलचा पॅक, केबलचे बिल, नेटची बंदी यांसारख्या साध्या, घरच्या गोष्टींवर ती दिल्लीत ऐकली जाण्यात असतो.

आमच्या वाट्याचे काम आम्ही करू. पुढचे सल्लापत्र मराठीत आले, की परभणी, जिंतूर, सेलू, मानवत, पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम आणि पूर्णा या नऊही तालुक्यांत आम्ही ते वाचून दाखवू, लोक बोलतील ते जसेच्या तसे उतरवू, खाली त्यांच्या सह्या आणि अंगठे घेऊ आणि मुदतीत आपल्याला पाठवू. ज्यांना रात्रीचाच वेळ असतो त्यांच्याकडे रात्री जाऊ. येलदरीकडच्या त्या घरी मी स्वतः जाईन आणि मुलाचा फोन येऊन गेला की चौकटीपाशी बसून आत्याला प्रश्न वाचून दाखवीन. तिच्याकडे उत्तरे आहेत. आपण फक्त तिला कळेल असे विचारा.

आपली,
ग्राहक चळवळीतील एक कार्यकर्ती,
परभणी